लगतच्या माणसाला नोटीस

जानराव इंगोल्यांचा मला पहिल्यांदा राग आला तो आमच्याच प्लॉटवर. मी तेव्हा बी.ए.ला होते. वाशिमच्या बाहेर वडिलांनी प्लॉट घेतला होता आणि शेजारचा माणूस आमच्या हद्दीत घुसलाय अशी त्यांची पक्की खात्री होती. त्यांनी रीतसर सरकारी मोजणी मागवली. ठरल्या दिवशी सकाळी दहाला हे मोजणीदार गृहस्थ सायकलवरून आले. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला रेक्झिनची पिशवी, मागे कॅरिअरवर मोजणीची साखळी. आल्याआल्या त्यांनी विचारलं, शेजारी कुठे आहेत? शेजारी आला नव्हता. वडील म्हणाले, त्याला नोटीस मिळाली आहे, आला नाही तर त्याचं तो बघेल, तुम्ही सुरू करा. जानराव लिंबाखाली जाऊन बसले. आईनं चहा पाठवला, तो परत आला. सरबत पाठवलं, तेही परत आलं. पिशवीतल्या बाटलीतलं स्वतःचं पाणी ते घोट घोट पीत राहिले. शेजारी दीड वाजता उगवला, तेव्हा यांनी साखळी काढली, आणि तासाभरात दाखवून दिलं की घुसलेले आम्हीच होतो. चांगले दोन फूट.

वडील दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत. मला वडिलांचा नाही, त्या मोजणीदाराचा राग आला. बोलावलं आम्ही, आणि हा माणूस साडेतीन तास ताटकळत बसतो कुणासाठी, तर समोरच्यासाठी! त्या वयात मला वाटलं होतं की याला समोरच्यानं काहीतरी दिलं असणार. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल असं बोलणाऱ्यांवर मी फार तोंडसुख घेतलं आहे.

नोकरी संपल्यावर ते रिठदला, आपल्या गावी राहायला गेले. मी वाशिमला कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. बाजाराच्या दिवशी ते एस.टी.नं यायचे आणि स्टँडपासून आमच्या कॉलेजपर्यंत पायी यायचे, कारण कॉलेजच्या वाचनालयात सगळी वर्तमानपत्रं फुकट मिळतात. चालताना पावलं मोजायची सवय त्यांची गेली नव्हती. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर हात वर करायचे, पण बोलायचे नाहीत; बोललं की आकडा चुकतो. लग्नाच्या पंगतीत बसले तरी मांडव किती पावलं रुंद आहे हे त्यांना ठाऊक असायचं. आणि काहीही सांगायला जा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "लगतच्याले इचारलं का?" लगतचा म्हणजे ज्याचं शेत आपल्या शेताला लागून आहे तो. कुणाच्या मुलीचं स्थळ असो, कुणाची तक्रार असो, कुणी कुणाला चोर म्हटलेलं असो. त्या लगतच्या माणसाला नोटीस जात नाही तोवर जानरावांच्या लेखी मोजणी सुरूच होत नसे. गावातली पोरंटोरं त्यांना मागून 'लगतचे' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं.

मग आमच्या जिल्ह्यात तो पुरस्कार आला. म्हणजे पुरस्कार आला नाही, त्याचे कागद आले. परदेशातली एक संस्था दरवर्षी भ्रष्टाचाराशी लढणाऱ्या माणसांना पुरस्कार देते. जगभरातून नावं येतात. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यातून दोन गेली होती, एक स्वतःच अर्ज केलेलं, दुसरं कुणीतरी परस्पर सुचवलेलं. संस्थेची पुण्यातली बाई मला फोनवर म्हणाली की त्यांना भाषांतर करून देणारं कुणी हवं आहे, आणि त्याआधी गावात जाऊन खरंखोटं पाहील असा एक माणूस हवा आहे. त्या माणसाचं दोन्ही उमेदवारांशी काही नातं, देणंघेणं, वैर नसावं. त्यानं बाजूनं बोलणारे आणि विरोधात बोलणारे दोघेही गाठावेत. आपण कशासाठी विचारतो हे उमेदवाराला किंवा गावात कुणालाही सांगू नये. मग तो अहवाल परदेशातल्या परीक्षकांकडे जाणार. पहिल्या वाचनात त्यांना नाव दिसत नाही, नुसता क्रमांक दिसतो, आणि एखाद्या परीक्षकाचा उमेदवाराशी दुरून जरी संबंध निघाला तरी तो परीक्षक त्या कागदापुरता उठून बाहेर जातो.

मला हसू आलं. इथं साधा गावपातळीवरचा आदर्श शिक्षक निवडायचा तर कोण कुणाचा मेहुणा याची यादी आधी तयार असते. पण हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर लिंबाखाली बसलेला तो माणूस आला. भाषांतराला मी हो म्हटलं आणि तपासणीसाठी त्यांचं नाव सुचवलं. जानराव म्हणाले, "नाव नाई, नुसता नंबर? मंग बराबर हाय. गट नंबरावर मोजणी केली का माणसाचं तोंड पाहाचं काम पडत नाई."

फॉर्मवर एक रकाना होता: उमेदवाराशी पूर्वीचा काही संबंध? जानरावांनी त्यात लिहिलं की तीसेक वर्षांपूर्वी एका उमेदवाराच्या सासऱ्याचं शेत मी मोजलं आहे, आणि त्या दिवशी माझी बाटली फुटल्यामुळे त्यांच्या घरचं तांब्याभर पाणी प्यालो आहे. मी म्हटलं, काका, हे कशाला? ते म्हणाले, रकाना हाये ना? मी ते इंग्रजीत केलं. पुण्याची बाई आधी हसली, मग तिनं ते तसंच पुढे पाठवलं. आठवड्यानं परदेशातून एका ओळीचं उत्तर आलं की पाण्याची नोंद घेतली आहे, हरकत नाही. ती ओळ मी त्यांना मराठीत वाचून दाखवली तेव्हा त्यांनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणा सरकारी वाटणाऱ्या माणसानं त्यांना वेळेवर उत्तर दिलं होतं.

ते शेत वेणूताईंच्या सासऱ्याचं. गावाचं नाव लिहीत नाही, पण रिठदहून ते फार लांब नाही. वेणूताई भाजी पिकवतात; वांगी, मेथी, कोथिंबीर. एका वर्षी गारपीट झाली, पंचनामे झाले, मदतीची यादी लागली, आणि यादीत वेणूताईंचं नाव नव्हतं. झोडपलेली वांगी अजून रानात होती. त्यांनी माहितीच्या अधिकारात पूर्ण यादी मागितली, सहा महिने भांडून मिळवली, आणि ग्रामसभेत उभं राहून ती वाचायला घेतली. एकेक नाव. प्रत्येक नावापाशी थांबून विचारायच्या, "हायेत का?" मग सभेतून उत्तर यायचं. हा पुण्याले राह्यते. हा वारला. ह्याले तं जमीनच नाई. तीन ग्रामसभांना ती यादी पुरली. तिसऱ्या सभेत ग्रामसेवकानं दप्तर आवरून निघायला घेतलं, तेव्हा वेणूताईंनी ते धरून ठेवलं. झालं. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून त्यांच्यावर गुन्हा. आठ दिवसांनी पाण्याच्या मोटारीची केबल कापलेली. कोण कापणार, कुणी पाहिलं नाही. पुरस्कार मिळाला असता तर संस्था वकील देणार होती, आणि मुख्य म्हणजे या बाईचं नाव इतक्या लांबवर पोचलं असतं की तिच्या रानात शिरायला कुणाचीही हिंमत झाली नसती. वेणूताईंना मानसन्मान नको होता, रानात निर्धास्त पाणी द्यायचं होतं.

आणि दुसरा उमेदवार? विलासभाऊ. त्यांच्या जीपच्या काचेवर 'भ्रष्टाचार निर्मूलन समिती, जिल्हाध्यक्ष' असं लिहिलेलं होतं. समितीत ते आणि त्यांची जीप. भाऊ माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचे आणि थोड्या दिवसांनी, अधिकाऱ्याशी 'चर्चा' झाली की, मागे घ्यायचे. या चर्चांवर भाऊंचा दुमजली बंगला उभा होता. अख्ख्या तालुक्याला हे माहीत, आणि त्यांच्या अर्जाला चार पुढाऱ्यांची शिफारसपत्रं. मी जानरावांना म्हटलं, ह्यांचं काय पाहायचं, दोन ओळीत निकाल लावा. जानरावांनी त्या माणसासाठी बारा दिवस घातले. बंगल्यावर जाऊन सोफ्यावर स्वतःची बाटली मांडीवर घेऊन बसले, भाऊंचं सगळं ऐकून घेतलं, मग एकेका कचेरीत जाऊन कुठला अर्ज कधी मागे घेतला ते उतरवून आणलं. आणि शेवटी लिहिलं की एका वस्तीच्या शाळेला तीन वर्षं शिक्षक नव्हता, तो या माणसाच्या अर्जामुळे मिळाला. हे मी स्वतः तिथे जाऊन, मुलांशी बोलून पाहिलं आहे.

मी पेन खाली ठेवलं. हे वाक्य मी भाषांतरित करणार नाही म्हटलं. चोराच्या खात्यावर पुण्य कशाला चढवायचं? ते शांतपणे म्हणाले, "चोराची हद्द हाये तेवढीच दाखवाची, मॅडम. कमी दाखवली तं मी चोर."

त्यांचं हे असं बोलणं ऐकलं की माझं डोकं उठायचं. चांगल्या माणसाच्या बाजूनं एकदा तरी उभे राहा ना! पण त्यांना बाजू हा शब्दच कळत नव्हता.

वेणूताईंच्या गावातही ते असेच घरोघर फिरले. यादीतल्या प्रत्येक नावाचं दार वाजवलं. ज्यांना दार नव्हतं त्यांच्या नावापुढे दार नाही असं लिहिलं. वेणूताईंकडे गेले, पण कशासाठी ते सांगितलं नाही. वेणूताईंनी दप्तर ओढलं होतं का हेही विचारलं, आणि त्या हो म्हणाल्या तेही लिहिलं. मग उरला लगतचा, म्हणजे ग्रामसेवक. जानराव त्याच्या कचेरीत जाऊन बसले आणि म्हणाले की वेणूबाईंबद्दल तुमचं म्हणणं सांगा. त्यानं विचारलं, तुम्ही कायले इचारून राह्यले? संस्थेनं बजावलं होतं की कारण सांगू नका. दुसरा कुणीही म्हणाला असता, सहज आपलं, गावात आलो होतो. जानरावांना ते जमलं नाही. ज्याच्याविरुद्ध मोजायचं त्याला कशाची मोजणी आहे हे न सांगता त्यांनी जन्मात साखळीची एक कडी टाकली नव्हती. ते म्हणाले, बाहेरदेशची एक संस्था या बाईले पुरस्कार द्याचा का नाई ते पाहून राह्यली, त्यासाठी तुमचं म्हणणं लिवून घ्याचं हाये.

त्यांनी ग्रामसेवकाला नोटीस दिली. ती विलासभाऊंपर्यंत पोचली, आणि चार दिवसांत गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला.

त्या फ्लेक्सचा मला आजही इतका राग आहे की तो जिथे लागला होता तिकडून जाताना मी मान फिरवते. 'आंतरराष्ट्रीय पुरस्कार विजेत्या वेणूताई यांचे हार्दिक अभिनंदन!' वरती विलासभाऊंचा हात जोडलेला फोटो, माणसाएवढा. बाजूला सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, यादीत ज्यांची मेलेली माणसं जिवंत होती ते सगळे, एकूण चाळीसेक चेहरे शुभेच्छुक म्हणून. आणि खाली कोपऱ्यात, आधार कार्डावरून काढलेला, वेणूताईंचा काळपट फोटो. निकाल लागायचा होता, कशाचा पत्ता नव्हता, आणि ही माणसं विजेत्या म्हणून मोकळी! विलासभाऊंना नियम पाठ होते. नाव फुटलं, गाजावाजा झाला की उमेदवार बाद, हे त्यांनी आपला स्वतःचा फॉर्म भरताना वाचलं होतं. स्वतःचं काही जमत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं, तेव्हा दुसऱ्याचं मोडायला त्यांनी अभिनंदन वापरलं. आमच्याकडे हे फार सोपं असतं. विरोधकाला मारायचं नसतं, त्याच्या गळ्यात हार घालायचा.

मग सत्कार. मारुतीच्या पारासमोर मांडव, माईक, खुर्च्या. ग्रामसेवकानं स्वतःच्या हातानं वेणूताईंना शाल पांघरली आणि नारळ दिला. आणि वेणूताईंनी तो घेतला. घरी चालून आलेला मान नाकारायचा कसा, चार लोकांसमोर आलेली शाल ढकलायची कशी? त्यांच्या सासूनं, दिरानं, सगळ्यांनी सांगितलं की आता भांडण मिटलं, घे. त्या बिचारीला खरंच वाटलं की मिटलं. ज्या माणसावर तिनं आरोप केले त्याच्या हातची शाल खांद्यावर घेऊन ती हसतेय, असा फोटो त्याच संध्याकाळी सगळ्या जिल्ह्याच्या मोबाइलवर फिरला.

मी कुठे होते? दुसऱ्या रांगेत. टाळ्या वाजवत होते. त्या संस्थेचे नियम ज्या बाईनं इंग्रजीतून मराठीत केले ती बाई बोलावणं आलं म्हणून साडी नेसून गेली होती. वेणूताईंचं कौतुक होतंय याचा मला आनंद झाला होता, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकते. जानरावही आले होते, पण मांडवात बसले नाहीत. लांब, रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा मला नियम आठवला.

अहवाल द्यायला पाच दिवस होते. जानरावांनी तो माझ्या स्टाफरूममध्ये बसून पुरा केला. फ्लेक्स कुणी लावला, कुणाच्या ओळखीनं छापला, मांडव कुणाचा होता, सगळं लिहिलं. त्याआधी लिहिलं की नाव माझ्यामुळे फुटलं, सांगू नका असं बजावलं असताना मी सांगितलं, ही चूक माझी आहे, बाईची नाही. आणि मग लिहिलं: 'वेणूबाईंनी शाल व नारळ स्वतःच्या हातानं घेतला.' आणि त्याच्या खाली: 'या अहवालाच्या भाषांतरकार मॅडम सत्काराला हजर होत्या व टाळ्या वाजवत होत्या.'

मी संध्याकाळी घरी बसून इंग्रजी केलं. शालीचं वाक्य मी गाळलं. मनाशी म्हटलं, एका वाक्यानं ह्या बाईचं रान उजाड होणार असेल तर ते वाक्य गेलं खड्ड्यात. जानरावांना इंग्रजी येत नाही. पुण्याच्या बाईला मराठी वाचायला वेळ नाही. दुसऱ्या दिवशी कागद दिले. त्यांनी चष्मा लावला, आपला मराठी कागद डावीकडे ठेवला, माझा उजवीकडे, आणि पेन्सिलीनं काहीतरी मोजू लागले. मला कळेना काय चाललंय. ते पूर्णविराम मोजत होते. इकडचे टिपके आणि तिकडचे टिपके. पहिलं पान जुळलं, दुसरं जुळलं, पाचव्या पानावर पेन्सिल थांबली.

"दोन कमी हायेत," ते म्हणाले.

मी म्हटलं, इंग्रजीत दोन वाक्यं जोडून एक करता येतात. ते म्हणाले, मंग जोडू नोका. मग मी भडकले. जे तोंडाला आलं ते बोलले. तुम्ही त्या बाईच्या मानेवर सुरी फिरवताय, त्या लोकांना हेच हवं होतं आणि तुम्ही ते त्यांच्या हातात आयतं देताय. तुमचा हा सरळपणा फक्त गरिबाच्या वाट्याला येतो, पुढारी तर फ्लेक्स लावून मोकळे. शिपाई दारात येऊन उभा राहिला इतकं मी बोलले. माझं संपल्यावर जानराव म्हणाले, "वेणूचं गाळलं ते समजलं मले. तुमचं काहून गाळलं?"

एक वाक्य मी वेणूताईंसाठी गाळलं होतं, दुसरं माझ्यासाठी, आणि दोन्ही एकाच दमात, एकाच चांगल्या हेतूच्या नावाखाली. मी दोन्ही वाक्यं परत घातली. टिपके जुळले, तेव्हा त्यांनी खाली सही केली.

परीक्षकांचं उत्तर यायला तीन महिने लागले. त्यांनी लिहिलं होतं की नाव फुटण्यात उमेदवाराचा दोष दिसत नाही. शाल घेणं हा तिथला रिवाज असल्याचं दिसतं, त्यावरून तिला बाद करता येणार नाही. मात्र तपासणाऱ्यानं स्वतःच चूक कबूल केली असल्यामुळे ही तपासणी आता पूर्ण निष्पक्ष म्हणता येत नाही. हा कागद पुढच्या वर्षासाठी ठेवत आहोत, नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून तपासेल. विलासभाऊंचा कागद मात्र त्यांनी कायमचा बंद केला. त्या वर्षीचा पुरस्कार दूरच्या एका देशातल्या कारकुनाला मिळाला. त्याची हकिगत मी जानरावांना वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, माणूस बराबर निवडला. मला त्या क्षणी ते परीक्षक, तो कारकून आणि जानराव, तिघांचाही संताप आला. पुढचं वर्ष म्हणे! वेणूताईंच्या वांग्यांना पुढचं वर्ष माहीत नाही. त्याच महिन्यात त्यांची केबल दुसऱ्यांदा कापली होती, आणि या खेपेला चार ओळी वांगी उपटून बांधावर टाकली होती.

जानराव त्या दिवशीच त्यांच्याकडे गेले. मी सोबत होते. तपासणीचं काम संपलं होतं, आता त्यांना बोलायची मुभा होती. ते बांधावरच उभे राहून म्हणाले की बाई, तुमचं नाव माह्यामुळं फुटलं. वेणूताई उपटलेली रोपं गोळा करत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि एकच गोष्ट विचारली: "यादी खोटी हाये असं लिवलं का तुमी?" जानराव म्हणाले, हाव, घर घर पाहून लिवलं. वेणूताई म्हणाल्या, मंग झालं. मला वाटलं होतं त्या चिडतील. चिडले मी एकटीच.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा गारा पडल्या. पुन्हा पंचनामे, पुन्हा यादी. वेणूताईंनी पुन्हा अर्ज केला, आणि आश्चर्य म्हणजे या वेळी यादी आठ दिवसांत मिळाली. एवढी तत्परता पाहूनच मला संशय यायला हवा होता. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी त्या वाशिमला माझ्या घरी आल्या, यादी टेबलावर उघडली आणि एका नावावर बोट ठेवलं. जानराव सखाराम इंगोले. पुढे त्या गावातला गट नंबर. जानरावांची त्या गावात कवडीची जमीन नव्हती. नावं आत घालणारे तेच होते, आणि या वेळी त्यांनी फार विचार करून एक नाव घातलं होतं. वेणूताईंनी ते वाचलं तर जिल्ह्यातल्या एकमेव स्वच्छ माणसाच्या तोंडाला काळं. गाळलं तर वेणूताई आपल्या माणसाला सोडून वाचतात हे सिद्ध, आणि नागपूरहून नवी तपासणारी मुलगी नेमकी त्या महिन्यात यायची होती. मोबाइल घेऊन माणसं तयारच बसणार होती.

वेणूताईंनी विचारलं, मॅडम, काय करू? मी म्हटलं, गाळा. मागच्या वेळी इतकं सगळं होऊनही मी म्हटलं, गाळा. तो म्हातारा आता सत्तरीच्या पुढे आहे, त्याला हे नको. त्या यादी घडी करून निघून गेल्या.

नागपूरची मुलगी येऊन गेली. वेणूताईंचा कागद अजून त्या लोकांकडे आहे आणि काय होईल ते मला ठाऊक नाही. जानराव त्या ग्रामसभेनंतर दोन महिन्यांनी गेले, झोपेत, रिठदला. अंत्ययात्रेच्या गर्दीत मी होते, पण तो त्यांचा चेहरा मी लक्षात ठेवलेला नाही. त्यांना शेवटचं पाहिलं असं मी ज्याला म्हणते ते त्या सभेत.

सकाळी अकराची सभा, शाळेच्या व्हरांड्यात. विलासभाऊ पुढे खुर्चीवर, शेजारी ग्रामसेवक. जानराव भिंतीला टेकून सतरंजीवर बसले होते. बाहेरगावचा माणूस म्हणून शेवटच्या ओळीत. त्यांना यादीबद्दल कुणी काही सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मी त्यांच्यापासून दोन हात अंतरावर होते आणि त्यांच्याकडे पाहायची मला छाती होत नव्हती. वेणूताईंनी वाचायला सुरुवात केली. हायेत का? मुंबईले. हायेत का? वारले. सोळा नावं झाली. सतराव्यापाशी त्या थांबल्या. मी लांबून मान हलवली, नका म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"जानराव सखाराम इंगोले," त्यांनी वाचलं. "हायेत का?"

पहिले हसले विलासभाऊ. मग त्यांच्या मागचे. चार-पाच मोबाइल एकदम वर झाले. जानराव भिंतीला हात देऊन उठले, टोपी सारखी केली.

"हाव, हाये. मी रिठदचा. या गावात माही जमीन नाई. ग्रामसेवक साहेब, लिवून घ्या."

ग्रामसेवक हलला नाही. जानराव म्हणाले, लिवा, मी थांबतो. कुणीतरी मागून ओरडलं की आता बस बाप्पा, झालं. ते बसले नाहीत. हसणं हळूहळू थांबलं, मोबाइल धरून हात दुखू लागले असतील, ते खाली आले, आणि हा माणूस तसाच उभा. शेवटी ग्रामसेवकानं पेन उघडलं आणि लिहिलं. जानरावांनी विचारलं काय लिवलं, आणि त्यानं ते सगळ्या सभेला ऐकू जाईल असं वाचून दाखवलं.

वेणूताई पदरानं डोळे पुसत होत्या. जानरावांना त्याचा राग आला असावा, कारण त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"थांबली काहून?" ते म्हणाले. "पुढचं नाव वाच."